उलटा लागलेला तुकडा

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. अगदी गळ्याची शपथ. माझ्या गळ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या गळ्याची घेतो, मला त्यात काही अडचण नाही. जे घडलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, मी तिथे होतो असं नाही. जिने पाहिलं तिने मला समोर बसवून सांगितलं. सांगताना तिचे हात असे कापत होते की कपातला अर्धा चहा बशीत उतरला. चहा नव्हता, पाणी होतं. पण हात कापत होते.

आणि हो, यातला एक भाग मी पदरचा घातलाय. कुठला, ते शेवटी सांगतो. तोवर सगळंच खरं धरून चाला. नाहीतर मी उगाच घसा कोरडा कशाला करायचा?

१

कामावर तिला सगळे चिकटताई म्हणत. एक तर तिचं कामच चिकटवण्याचं, आणि दुसरं म्हणजे एकदा टेबलाशी बसली की जेवणाची वेळ टळून गेली तरी उठायची नाही.

जुन्या सिनेमांचा तो संग्रह. तळमजल्यावर एक थंडगार खोली, खोलीत खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, टेबलाच्या दोन टोकांना दोन चकत्या. एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर हाताने फिल्म फिरवत न्यायची. चिमटीतून ती सरकताना कुठे चीर गेलीय, कुठलं भोक फाटलंय, ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं. तुटलं असेल तिथे पारदर्शक पट्टी लावून सांधायचं. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती.

आता यातली एक खुबी सांगतो, ती लक्षात ठेवा. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. चित्र असतं ते मंद बाजूवर. सांधताना बाजू चुकली तर तेवढा तुकडा पडद्यावर आरशात पाहिल्यासारखा दिसतो. डावं ते उजवं, उजवं ते डावं. जुन्या फिल्मवर नजर फसते, म्हणून या धंद्यातली माणसं तुकड्याचं टोक ओल्या ओठाला टेकवून बघतात. चित्राची बाजू ओठाला किंचित धरते, दुसरी निसटते.

"मुका घेतल्याशिवाय सांधायची नाही ही," असं ऑपरेटरकाका म्हणायचे. ते वरच्या मजल्यावर प्रोजेक्टर चालवायचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि जिभेला हाड पहिल्यापासूनच नव्हतं. "फिल्मला जेवढे मुके मिळाले तेवढे एखाद्या नवऱ्याला मिळते तर बिचारा धन्य झाला असता."

"नवरे कुजतात काका. फिल्म नीट ठेवली तर टिकते."

चिकटताईचं लग्न झालेलं नव्हतं. घरी ती, तिचे अप्पा आणि अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. तीन वर्षांपूर्वी अप्पांना झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. राहिला डावा हात. मग बापलेकीने त्या हाताचीच भाषा केली. खुर्चीच्या दांडीवर बोटं एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. संध्याकाळी ती घरी आली की अप्पांच्या छातीवर डोकं टेकायची आणि विचारायची, "बरंय ना?" अप्पा एकदा टक करायचे. एवढ्यावर त्या घराचा संसार चालला होता.

२

एका सोमवारी डबा आला.

एक थोर दिग्दर्शक होता. थोर म्हणजे दुःखाचा घाऊक व्यापारी. त्याच्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत जो हसेल तो मध्यंतरापर्यंत मरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या माणसाने बाविसाव्या वर्षी, मित्रांना गोळा करून, उसन्या कॅमेऱ्यावर एक नऊ मिनिटांचा मुका विनोदी सिनेमा केला होता. नाव, 'छत्री राहिली'. तो कुणी पाहिलेला नव्हता. मुलाखतीत कुणी विचारलं की तो पाणी प्यायला म्हणून उठायचा, आणि मग मुलाखत संपायची. मरेपर्यंत त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या सिनेमाबद्दल आयुष्यभर बोलत राहिला तो एकच माणूस, चिकटताईचे अप्पा.

"त्यातला पाहुणा मी!" ते येईल-जाईल त्याला सांगायचे. "मी निरोप घेतो, दाराबाहेर जातो आणि काहीतरी विसरलो म्हणून परत येतो. नऊ वेळा! आणि तो कॅमेऱ्यामागे पोट धरून लोळतोय!"

लोक हो हो म्हणायचे आणि एकमेकांना डोळा मारायचे. चिकटताई सोळा वर्षांची असताना मैत्रिणींसमोर अप्पांनी हीच टेप लावली. तेव्हा ती फटकन म्हणाली होती, "अप्पा, पुरे झाल्या आता थापा!" अप्पा हसले. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. पुढे तिने ही नोकरी धरली त्याचं कारण लोकांना ती वेगवेगळं सांगायची. खरं कारण हेच होतं.

डबा एका मेलेल्या कॅमेरामनच्या माळ्यावर सापडला. उघडताच आंबट वास नाकात गेला आणि आत बुरशीची पांढरी जाळी दिसली. बुरशीवाल्या फिल्मबद्दल संग्रहाच्या साहेबांनी नुकताच नियम केला होता, तोंडाला पट्टी, हातात मोजे, हयगय चालणार नाही. रविवारी दिग्दर्शकाच्या जन्मदिवसाला मोठ्या सभागृहात खेळ ठेवलाय, तोवर फिल्म चालती झाली पाहिजे, असंही साहेब म्हणाले.

चिकटताईने भिंग लावून पहिली फ्रेम पाहिली. साधी खोली. एक टेबल, जेवायला बसलेले नवरा-बायको. आणि मधोमध, हातात टोपी घेऊन वाकून निरोप घेणारा एक काटकुळा पोरगा, डाव्या डोळ्याखाली तीळ.

"बाई गं," ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "अप्पा!"

त्या संध्याकाळी तिने छातीवर डोकं ठेवून अप्पांना सांगितलं. "सापडला. तुम्हीच आहात. रविवारी घेऊन जाते तुम्हाला, पहिल्या रांगेत बसवते. सगळ्यांच्या देखत. येणार ना?"

टक. आणि मग इतका वेळ डोळ्यांतून पाणी की आत्याने दोघांनाही रागावून गप्प केलं.

३

मंगळवार, बुधवार धुण्यापुसण्यात गेले. गंमत साधीच होती. खोलीला दोन दारं, एकमेकांची जुळी भावंडं असावीत तशी. उजवीकडचं रस्त्यावर जाणारं, डावीकडचं घरात आत जाणारं. पाहुणा उजव्या दाराने जातो, नवरा-बायको घास उचलतात, पाहुणा परत. टोपी राहिली. चष्मा राहिला. छत्री राहिली. शेवटचं जाणं मात्र फिल्ममध्ये नव्हतंच. पाहुणा खोलीच्या मध्यात उभा, आणि पुढच्याच फ्रेममध्ये खोली रिकामी. नवरा-बायको रस्त्याच्या दाराकडे बघत खो खो हसताहेत. बस्स, समाप्त.

गहाळ तुकडा डब्याच्या तळाशी निघाला. दीड हात लांब, नव्वद फ्रेम, चालवला तर जेमतेम सहा सेकंद. त्यात पाहुणा पाठ करून दाराकडे जातो आणि दाराबाहेर होतो. दोन्ही कडांना भोकं असलेली जुनी फिल्म. एकाच कडेला असती तर पुढे झालं ते झालंच नसतं, कारण तुकडा उलटा बसलाच नसता. गुरुवारी सकाळी तिने तो सांधायला घेतला. सवयीने ओठाकडे नेला, आणि तोंडावर पट्टी. पट्टी खाली करणार तोच दारात साहेब.

"ताई, नियम आपल्यालाही आहेत."

"हो साहेब."

मग तिने उजेडात धरून बघितलं. बुरशी पुसलेली बाजू चकाकत होती. दुसरी बाजूही थोडीफार चकाकत होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिने फक्त डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि सांध्यावर चिकटपट्टी दाबली.

बारा पंचवीसला काकांनी वरच्या छोट्या खोलीत फिल्म चढवली. बघायला दोघंच. आठ मिनिटं चिकटताई पोट धरून हसली. अप्पा कोलांट्या घेत होते, छत्रीत अडकत होते, टोपीवरच बसत होते. मग शेवटचं जाणं आलं.

चित्र एकदम पुसट झालं. खोली गर्रकन पलटली, दारांची अदलाबदल झाली. पाहुणा पाठ फिरवून गेला तो डावीकडच्या दाराने. घरात, आत.

"उलटा लावलास गं," मागून काका म्हणाले. "चित्र मऊ पडलंय बघ. चिकटे, तू! सूर्य कुठून उगवलाय आज?"

तिची नजर पडद्यावरच होती. तुकडा संपला होता, खोली पुन्हा सरळ झाली होती. शेवटचं दृश्य चालू होतं. नवरा-बायको टेबलाशी बसलेले. हसत नव्हते. दोघांनी माना वळवल्या होत्या, डावीकडे, आतल्या दाराकडे. बायकोचा घास हातातच होता. काही सेकंद ती दोघं तशीच बघत राहिली, घरात कोण शिरलं ते बघावं तशी. मग पांढरा पडदा.

"काका, ही दोघं हसत होती ना?"

"मला काय ठाऊक? मी आज पहिल्यांदा बघतोय."

"मी भिंगातून बघितलंय. हसत होती. रस्त्याच्या दाराकडे बघत होती."

"वास चढलाय तुला. घरी जा. उद्या सरळ कर, पाच मिनिटांचं काम." काकांनी दिवा लावला. रिकाम्या पडद्याकडे मात्र त्यांनी उगाचच दोनदा पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं.

४

बिल्डिंगच्या खालीच आत्याची हाक ऐकू आली. जिन्याचा कठडा धरून उभी होती, पदर खोचलेला, डोळे लाल.

"अगं धाव! चमत्कार झालाय चमत्कार! दादाचा उजवा हात हलला!"

चिकटताई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते आणि उजव्या हाताने पेला धरून पाणी पीत होते. न सांडता. ती दारातच खाली बसली.

"कधी? कधी झालं हे?"

"साडेबाराची गोळी द्यायला गेले ना, तर हात पुढे केला! मी म्हटलं दादा, अरे हा कुठला हात! डॉक्टरांना फोन केला, ते म्हणतात असं होतं कधी कधी." आत्या रडत रडत हसत होती. "एकच आहे. डावा जरा दमलाय. दुपारपासून उचलला नाही त्याने."

डावा हात मांडीवर पडला होता. पडला होता म्हणजे, तीन वर्षं उजवा पडायचा तसा. बोटं आत वळलेली, तळवा आभाळाकडे.

बारा पंचवीस आणि आठ मिनिटं, असा हिशोब तिच्या डोक्यात झाला आणि तिने तो झटकून टाकला. योगायोग. ती उठली, जवळ गेली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्याखाली तीळ होता.

उजव्या डोळ्याखाली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "अप्पांचा तीळ कुठल्या बाजूला होता गं?"

"आता हे काय मधेच? आहे तिथेच आहे की."

"पण आधी..."

"अगं, तू समोर बसतेस, तुला डावं-उजवं उलटंच दिसणार. हात बघ त्याचा, तीळ कसला बघतेस!"

बरोबर होतं. समोरून उलटं दिसतं. तिचं मन त्या वाक्याला घट्ट चिकटलं. मग तिने विचारलं, "अप्पा, बरंय ना?"

उजवा हात दांडीवर आला नाही. अप्पा हसले. नम्र हसू, ओठ न उघडता. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर, यजमानीणबाईंना त्रास नको म्हणून हसतो ना आपण, तसं. आणि त्यांनी उजव्या हाताने तिला खूण केली. बसा ना. बसा.

रोजच्यासारखं तिने त्यांच्या छातीवर डोकं टेकलं, डाव्या बाजूला, जिथे तीन वर्षं टेकत होती. आत काही नव्हतं. ओट्याच्या दगडाला कान लावावा तसं. श्वास होता, शर्टाला साबणाचा वास होता, ठोका नव्हता. ती जागची हलली नाही. मग खूप हळू तिने गाल सरकवला, गुंड्यांवरून, पलीकडे.

धक. धक. धक. उजवीकडे, अगदी मजेत चाललं होतं.

तिने किंकाळी फोडली नाही. आत्या आनंदात होती, म्हणून तिने तोंडात पदर कोंबला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

५

शुक्रवारी सकाळी साहेब यायच्या आधी ती टेबलाशी बसली. पट्टी नाही, मोजे नाहीत. सांधा सोलून तुकडा मोकळा केला, ओठ जिभेने ओला केला आणि टोक टेकवलं. त्याच क्षणी कळलं, उलटा. पंचवीस वर्षांचा ओठ, चुकणार कसा?

मग भिंग लावून तिने तुकडा नीट पाहिला, आणि भिंग काचेवर आपटलं.

नव्वदपैकी एकाही फ्रेममध्ये पाहुणा नव्हता. रिकामी खोली. आतलं दार किलकिलं. काल याच फ्रेममध्ये पाठ होती, खांदे होते, टोपी होती. तिने डोळे चोळले. तुकडा दुसराच असेल? पण कडेला तिनेच काल पेन्सिलने केलेली खूण होती.

दाराच्या कडेवर काहीतरी फिकट होतं. बुरशीचे डाग बोटांसारखे दिसू शकतात, असं ती स्वतःला म्हणाली. तिने भिंग पुन्हा उचललं. डागांना पेरं होती. पेरं सुजलेली होती. म्हाताऱ्या माणसाचा डावा हात दार आतून धरून होता, आणि अनामिकेचं नख तिरकं कापलेलं होतं. मागच्या रविवारी, बोलता बोलता, तिच्याच हातून ते तिरकं कापलं गेलं होतं.

"अप्पा?"

हाक मारली आणि कशासाठी कोण जाणे, तुकडा भिंगाखालून ओढला. उजेडावरून फ्रेम सरकू लागल्या. बोटं उचलली गेली, दाराच्या कडेवर एकदा आपटली.

तिला हसू फुटलं, रडू फुटलं, दोन्ही एकदम. छापलेलं चित्र आहे, तिने स्वतःला बजावलं. साठ वर्षांपूर्वी छापलंय. मी प्रश्न आत्ता विचारतेय. पण तोंडातून शब्द निघून गेले, "अप्पा, मी चूक केली. सरळ करू? घरी आणू तुम्हाला?"

तुकडा सरकला. बोटं उचलली. एकदा. दोनदा.

तिने तुकडा मागे घेतला, पुन्हा विचारलं, पुन्हा ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा. एकदा, दोनदा, आणि मग बोटांनी दार घट्ट धरलं. पेरं पांढरी पडली.

दारात काका उभे होते. कधीपासून, कळलं नाही. त्यांची थट्टेची सवय त्या दिवशी घरी राहिली होती.

"राहू दे तो उलटा," ते म्हणाले. "सहा सेकंद. लोकांना कळायचंही नाही."

"घरी जे बसलंय ते कळतंय ना मला!"

"काय बसलंय?"

तिने सांगितलं. सगळं, ठोक्यासकट. काकांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि भिंग असं खाली ठेवलं की जणू ते तापलं होतं.

"तो नाही म्हणतोय, पोरी."

"उलट्या तुकड्यातलं नाही म्हणजे सरळ हो असणार," चिकटताई म्हणाली. "सगळंच उलटं आहे ना त्यात? मग हे कसं सुलटं असेल?"

बोलताना तिला ते इतकं पटलं की तिचा आवाजही स्थिर झाला. तिने तुकडा पालथा केला. ओठाला टेकवला. किंचित धरलं. सरळ. पट्टी ठेवली आणि अंगठ्याने दाबत गेली, एक बुडबुडा राहू दिला नाही.

"चालवा, काका."

"मी नाही चालवणार."

"माझा बाप आहे तिथे. चालवा."

६

आणि ती म्हणाली तसंच झालं. फिल्म चालली, सहा सेकंद गेले, नवरा-बायको पूर्वीसारखे खो खो हसले. घरी पोचली तर अप्पांचा डावा हात दांडीवर वाटच बघत होता. टक टक टक. तीळ डाव्या डोळ्याखाली, ठोका डाव्या बाजूला, आणि आत्या डोळे पुसत म्हणतेय, "गेला गं उजवा, पुन्हा गेला. असू दे. नशिबात नाही."

रविवारी तिने अप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून पहिल्या रांगेत नेलं. सभागृह खच्चून भरलेलं. साहेबांनी माईकवर सांगितलं, या सिनेमातले पाहुणे आज आपल्यामध्ये आहेत. हजार माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. मग दिवे गेले, आणि साठ वर्षांनी तो काटकुळा पोरगा पुन्हा दारातून आत-बाहेर करू लागला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. अंधारात चिकटताई अप्पांच्या कानाशी वाकली.

"मी तुम्हाला थापाड्या म्हटलं होतं. चुकले मी. माफ कराल?"

अप्पांनी तिचा हात शोधला, मनगटावर बोटं ठेवली आणि एकदाच आपटली.

७

आता माझं कबूल करायचं राहिलं. सहावा भाग मी घातलाय. रविवार असा काही झालाच नाही. खेळ रद्द झाला आणि डबा साहेबांनी कुलपात टाकला.

शुक्रवारी काकांनी नाही नाही म्हणत दुपारपर्यंत ताणलं आणि बारा वाजून दहा मिनिटांनी फिल्म चालवली, तिथपर्यंतचं मात्र खरं. तो तुकडा आला, या वेळी चित्र स्वच्छ होतं. तीच खोली, तेच किलकिलं दार. पण तुकडा सरळ लागला होता, त्यामुळे ते दार आता उजवीकडे आलं होतं. घराच्या आतलं दार राहिलं नव्हतं ते. रस्त्याचं झालं होतं. दाराची कड धरलेली बोटं बाहेरच्या बाजूला होती. चिकटताई ओरडत उठली, "थांबवा!" काकांचा हात बटणापर्यंत पोचेतो सहा सेकंद उलटले. बोटं एक एक करून सुटली. दार बाहेरून ओढलं गेलं. नवरा-बायकोला हसू आवरेना.

आत्या गोळी द्यायला बाहेर आली तर खुर्ची रिकामी होती. तीन वर्षं पाऊल न टाकलेला माणूस. शेजारीपाजारी, जिना, गच्ची, रस्ता, दवाखाने, सगळं शोधून झालं. कुणी त्याला जाताना पाहिलं नाही. आत्याने फक्त घराचं दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज ऐकला होता, आणि तिला वाटलं होतं, पोरगी आज लवकर आली.

मला हे सांगताना चिकटताई इथवर आली आणि थांबली. समोर पाण्याचा पेला, तिचे हात कापताहेत, आणि ती माझ्याकडे बघतेय, पुढचं मलाच ठाऊक असल्यासारखी. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणून मी तिला तो रविवार सांगितला. तिने पूर्ण ऐकला, मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि संपल्यावर म्हणाली, "पुन्हा सांगा."